आडवा बसवलेला दात

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा कवळ्या बनवणे, राहणार स्टेशनरीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, हे लिहिताना पूर्ण शुद्धीवर आहे. हात थरथरत नाही. आज सकाळी बारा दात मेणात बसवले आणि एकही हलला नाही, एवढा पुरावा पुरेसा समजावा. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. भाग पाडील असे घरात कोणी उरलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, तेव्हा रद्द करण्यासारखेही काही नाही. माझ्यामागे जे राहील त्याची व्यवस्था मी पुढीलप्रमाणे लावतो.

कलम १. माझे शरीर. जे सोपे आणि जवळ असेल ते करावे. लोकांना फार वेळ उभे करू नये. माझ्या तोंडात माझे स्वतःचे बावीस दात आहेत, त्यामुळे त्या बाबतीत कोणाला काही करायचे नाही. हे वाक्य येथे का आहे ते कलम सातमध्ये कळेल.

कलम २. कारखाना. लोक कारखाना म्हणतात म्हणून मीही म्हणतो. आहे ती एक खोली, घरासमोर, रस्त्यापलीकडे. दोन टेबले, पॉलिशचे यंत्र, उकळण्याचे भांडे, हत्यारे आणि रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी. हे सर्व, खिडकीसह, माझ्याबरोबर एकोणीस वर्षे काम करणाऱ्या बाईंना द्यावे. त्यांना सगळे मेणवाली म्हणतात, कारण मेणात दात त्यांच्याइतके सरळ या धंद्यात कोणी लावत नाही. कामावर आल्या त्या पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारले होते, "तुम्ही बोलत नाही का?"

"कामात नाही."

"आणि काम नसताना?"

"काम असतंच."

"बरं. मग मीच बोलते."

तेव्हापासून त्या बोलत आहेत. दिवसातले सात तास त्या खोलीत माणसाचा आवाज असतो. याची किंमत मला पहिली आठ वर्षे कळली नाही. नंतरची अकरा वर्षे रोज कळली. त्यांना हे कधी सांगितले नाही, म्हणून येथे लिहितो. कारखाना घेताना त्यांच्यावर कोणतीही अट नाही. पॉलिशच्या यंत्राचा पट्टा डावीकडे सरकतो, तेवढे सांभाळावे.

कलम ३. दोन खोल्या. याही मेणवालीला द्याव्यात. त्या आईला घेऊन भाड्याच्या एका खोलीत राहतात, आणि त्या खोलीबद्दलही मी अकरा वर्षे ऐकतो आहे. भांडी, कपाट, पलंग, सर्व त्यांचे. खिडकीजवळ एक लाकडी खुर्ची आहे, ती हलवली तरी चालेल. मी अकरा वर्षे हलवली नाही. त्यातून काही निघाले नाही.

कलम ४. वडिलांची छत्री. वडील गेले तेव्हा धाकट्या भावाने कोट घेतला आणि छत्री माझ्याकडे आली. तेव्हापासून तो भेटला की आधी छत्रीची चौकशी करतो, मग माझी. ती त्याला द्यावी. तिची एक काडी मोडलेली आहे. ती मी मोडलेली नाही. त्यानेच मोडली होती, वयाच्या नवव्या वर्षी, तलवार म्हणून, आणि मार मी खाल्ला होता. हे त्याला वाचून दाखवावे. मोठ्याने.

कलम ५. बँकेत जे असेल त्यातून कलम एकचा खर्च करावा. उरेल ते दवाखान्याला द्यावे, ज्यांना कवळी परवडत नाही त्यांच्यासाठी. दवाखान्याचे थोरले डॉक्टर गेले त्याला चार वर्षे झाली. पंचेचाळीस वर्षे त्यांनी मला मापे पाठवली आणि एकाही मापाबरोबर चिठ्ठी धड वाचता येईल अशी पाठवली नाही. आता त्यांची मुलगी दवाखाना चालवते. तिचे अक्षर चांगले आहे. मला ते अजून परके वाटते.

कलम ६. साचे. येथे थोडे समजावून सांगावे लागेल. कवळी बनवणाऱ्याला माणूस भेटत नाही. दवाखान्यातून तोंडाचे माप येते. त्यात प्लास्टर ओतून साचा काढायचा, साच्यावर मेणात दात लावायचे, मेणाच्या जागी गुलाबी मसाला भरायचा, उकळायचे, निववायचे, घासायचे, परत पाठवायचे. साचा वर्षभर ठेवून फेकून देण्याची रीत आहे. जो माणूस वारला त्याचा साचा फेकायला मला जड जाई, आणि आता भिंतभर फळ्या भरल्या आहेत. दोनेक हजार असतील. रात्रंदिवस तोंड उघडे ठेवून बसलेले, आणि एकजणही बोलत नाही. हे सर्व फोडून टाकावेत. त्यांचे कोणी मागायला येणार नाही.

एक सोडून. तिसऱ्या फळीवर, डावीकडून पहिला. त्यावर नाव नाही. एकशे बारा हा आकडा आहे.

कलम ७. साचा क्रमांक एकशे बारा. हा माझ्या बायकोच्या वरच्या जबड्याचा साचा आहे. तो तिच्या थोरल्या बहिणीला द्यावा आणि हे कलम त्यांना एकट्यांना, दार लावून, वाचून दाखवावे. आमच्याकडे त्यांना ताई म्हणतात. त्यांनी माझ्या घरात अकरा वर्षे पाऊल ठेवलेले नाही. मी बोलावलेलेही नाही.

ताई, हे तुम्हाला आहे.

तुमच्या बहिणीचे वरचे सगळे दात सव्विसाव्या वर्षी गेले. हिरड्यांचा आजार होता. ती तेव्हा या शहरात टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती, बायकांच्या वसतिगृहात राहत होती. त्या वर्षी ती तीन महिने घरी आली नव्हती आणि रजा मिळत नाही असे तुम्हाला कळवत होती. रजा मिळत होती. दात नव्हते.

तिचा जबडा मला तिच्या चेहऱ्याआधी माहीत झाला. मग एक दिवस ती स्वतः कारखान्यात आली, तोंडावर रुमाल धरून.

"दवाखान्यातून एकशे बारा नंबरचं काम आलंय ना तुमच्याकडे?"

"आलंय."

"वरचा डावीकडचा दुसरा दात जरा आडवा बसवा."

लोक दात सरळ मागतात. आडवा मागणारी ही पहिली आणि शेवटची. मी कारण विचारले.

"माझा तसाच होता. ताई त्यावरून चिडवते. सरळ दिसला तर तिला लगेच कळेल."

"कळलं तर काय होईल?"

"चिडवायची थांबेल."

मी विचारले, किती आडवा. तिने रुमाल तसाच धरून दुसऱ्या हाताची दोन बोटे जवळ आणली. "असा. शेजारच्याच्या खांद्यावर डोकं टेकल्यासारखा."

तो दात मी तीनदा काढून तीनदा लावला. पुढच्या वर्षी आमचे लग्न झाले. लग्नाआधी तिची एकच अट होती. "कोणाला सांगायचं नाही. ताईला तर मुळीच नाही. मी मेल्यावरसुद्धा नाही." मी हो म्हणालो.

बत्तीस वर्षांच्या संसारात तिने माझ्यासमोर कवळी कधी काढली नाही. बनवणारा मी, घालणारी ती, आणि मध्ये बंद दार. चार कवळ्या केल्या. नवी आली की जुनी ती स्वतः हातोडीने फोडून टाके, घरात कोणाच्या हाती लागायला नको म्हणून. चारही कवळ्यांत तो दात आडवा होता. आणि तुम्ही दर वेळी जेवायला बसलात की म्हणायचात, "काय हो दातवाले, सगळ्या गावाचे दात करता आणि बायकोचा एक वाकडा दात सरळ होत नाही तुमच्यानं? घरच्या गिऱ्हाइकाला वेळ नाही वाटतं?" ती तोंडावर हात धरून हसायची. मी ताटात बघायचो. त्या हसण्याइतके सुख मला दुसऱ्या कामाने दिलेले नाही.

आता त्या दिवसाचे. तिचे हृदय तीन महिन्यांपासून बरे नव्हते. ती वाळली होती, हिरड्या आटल्या होत्या, कवळी सैल होऊन डावीकडे जखम झाली होती. सकाळी साडेआठला तिने ती बंद दाराआड काढून, रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिली, दुसरा हात तोंडावर धरून. आतून नवा थर द्यायचा होता.

"लवकर आणा."

"चारपर्यंत."

"एवढा वेळ?"

"घाईत थंड केली तर वाकते."

"मग चारपर्यंत मी कोणाशी बोलत नाही," ती म्हणाली. ते तिचे माझ्याशी शेवटचे बोलणे.

ज्याला कवळी करून दिली त्याला दवाखान्यातून आम्ही निरोप देतो, की एक जास्तीची करून ठेवा, अडीअडचणीला उपयोगी पडते. पंचेचाळीस वर्षे मी हे सांगत आलो. तिला जास्तीची करून दिली नाही. घरात नको होती तर कारखान्यात ठेवता आली असती. का केली नाही, याचे उत्तर मी पुष्कळ शोधले. रोज दिसणाऱ्या माणसाचे काम उद्या करता येते. याहून मोठे कारण सापडले नाही.

तुम्ही सव्वाबाराला आलात, न कळवता. तीन आठवड्यांपूर्वी तुम्हा दोघींचे फोनवर वाजले होते, तुमच्या आईच्या आरशाच्या कपाटावरून. "आरसा तुलाच लखलाभ," असे तिने म्हटले होते आणि फोन ठेवल्यावर दिवसभर स्वतःवर चिडली होती. तुम्ही समेटासाठी आल्या होतात, हे मला नंतर कळले. जिन्यात काय बोलणे झाले ते खालच्या दुकानदाराने ऐकले आणि मला सांगितले.

तुम्ही म्हणालात, "अगं मी आहे. उघड."

ती आतून म्हणाली, "मग ये."

"मग म्हणजे केव्हा? दोन तास बसमध्ये उभी राहून आलेय मी."

आतून काही नाही.

"कपाटावरून एवढा राग?"

काही नाही.

"बरं. राहा आत."

ताई, तिने तुम्हाला रागाने परत पाठवले नाही. तिच्या तोंडात दात नव्हते. दात रस्त्यापलीकडे माझ्या भांड्यात होते. दोन शब्दांपेक्षा जास्त बोलली असती तर आवाजावरून तुम्हाला कळले असते. आयुष्यभर आवाजावर पोट भरलेली बाई होती; तिला हे पक्के माहीत होते.

आणखी एक आहे. तुम्ही जिना उतरून खाली उभ्या राहिलात आणि वर पाहिलेत. मी कारखान्याच्या खिडकीतून तुम्हाला पाहत होतो. भांडे उकळत होते, पण ते मेणवालीने पाहिले असते. मी बाहेर आलो असतो तर तुम्हाला काहीतरी सांगावे लागले असते. मला वाटले, संध्याकाळी येतील परत. तोवर दात पोचतील. मी हात वर केला नाही. तो रस्ता बावीस पावलांचा आहे.

मी चार वाजून वीस मिनिटांनी घरी आलो. ती खिडकीजवळच्या खुर्चीत होती. तोंडावर रुमाल होता. अंगात ऊब होती, जबडा मऊ होता. कोणाला हाक मारण्याआधी मी कवळी बसवली. ती इतकी चोख बसली की माझ्या तोंडून "वा" निघाले. हे वाक्य खोडावेसे वाटते. खोडत नाही.

दुसऱ्या दिवशी, तिला नेण्याआधी, तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "बघा, हसतेय. मला दाराबाहेर उभं करून हसतेय." ते हसणे माझे होते. ओठांना आतून जेवढा आधार द्यायचा तेवढा मी दिला होता. मी तेव्हाही ताटात बघावे तसे खाली बघितले.

मी वचनामुळे गप्प राहिलो, असे मी स्वतःला अकरा वर्षे सांगितले. खरे असे की तुम्हाला दातांचे सांगायचे तर जास्तीच्या कवळीचे सांगावे लागले असते, आणि खिडकीचेही. वचन पुढे उभे होते आणि त्याच्या मागे मी उभा होतो. आता मी ते मोडतो. तिची क्षमा मागायला वेळ पुष्कळ मिळेल, किंवा अजिबात मिळणार नाही.

या मृत्युपत्रात आणखी कलमे नाहीत. वाचून पाहिले, जे लिहिले ते खरे आहे, आणि पुढील दोघांच्या देखत सही केली.

सही करणारा: कवळी बनवणारा, घर आणि कारखाना समोरासमोर
साक्षीदार पहिले: खालच्या मजल्यावरचे स्टेशनरीचे दुकानदार
साक्षीदार दुसरे: त्याच दुकानातले मदतनीस
ठिकाण: कारखाना, खिडकीजवळचे टेबल
दिनांक ४, सोमवार

पुरवणी

वरील मृत्युपत्रात बदल करण्याची वेळ महिना संपायच्या आत आली. कारण असे.

साक्षीदाराने फक्त सही पाहायची असते, मजकूर वाचायचा नसतो. खालच्या दुकानदाराने शाई टिपताना कलम सात वाचले. सगळे वाचले.

"हे ताई कधी वाचणार?" त्याने विचारले.

"मी गेल्यावर."

"त्यांचं वय काय?"

"एकोणऐंशी."

"आणि तुमचं त्र्याहत्तर. तब्येत तर ठणठणीत दिसतेय." हे त्याने आरोप केल्यासारखे म्हटले. "म्हणजे तुम्ही मरेपर्यंत बाईंनी जिन्यातच उभं राहायचं?"

मी म्हणालो, "सही करा." त्याने केली.

त्या आठवड्यात मी तीन कवळ्या घासल्या आणि तिन्ही मेणवालीने परत घासायला लावल्या. रविवारी मी बसने ताईंच्या गावी गेलो. दार बंद होते. कडी वाजवली.

"कोण?"

"मी. दातवाला."

मग, "थांबा." तेवढेच.

आत नळ सुटला, बंद झाला. मग काचेच्या पेल्याला काहीतरी हलके लागल्याचा आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. मी पायरीवर उभा राहिलो. मग दार उघडले.

ताई फार लहान झाल्या आहेत. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळे सांगितले, या कलमात आहे त्याच क्रमाने, खिडकी न गाळता. त्यांच्यामागे ते आरशाचे कपाट होते, त्यामुळे सांगताना मला माझा चेहरा दिसत होता. शेवटी त्यांनी विचारले, "तो वाकडा दात?"

"सांगून बसवून घेतला. तुम्ही चिडवायच्या थांबाल म्हणून."

"किती वेळा?"

"चार कवळ्या. चारदा."

"आणि मी समोर बसून तुमच्या कामाला नावं ठेवत होते." त्यांनी तोंडावर हात धरला. हसल्या की काय, ते हातामुळे दिसले नाही. हात बराच वेळ तिथेच होता.

मग म्हणाल्या, "खिडकीतून बघत होतात मला."

"हो."

"ते मी माफ करणार नाही."

"बरं."

"बाकीचं बघते."

मी निघालो. दारात मला राहवले नाही. "तुमची डावीकडे लागते आहे," मी म्हणालो. बोलताना खटखट होत होती.

"सात वर्षं लागतेय." त्यांनी मागे वळून बघितले, घरात कोणी नसताना. "कोणाला माहीत नाही. तुम्हीही सांगायचं नाही."

"ताई, माझ्याकडून आता वचनं घेऊ नका."

"मग मेल्यावर सांगा. तुम्ही मेल्यावर, मी नाही. निघा आता, बस चुकेल."

मागच्या आठवड्यात मंगळवारी ताई दवाखान्यात माप देऊन कारखान्यात आल्या. जिन्याकडे बघितले नाही, सरळ इकडे आल्या. मेणवालीला त्यांनी चहाला पाठवले. एकशे बारा मागितला. दोन्ही हातांत धरला, हिरडीच्या कडेवरून अंगठा फिरवला, डावीकडे थांबल्या. तेथे काही नाही, नुसते प्लास्टर आहे.

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी तो न्यायला नकार दिला. तिसऱ्या फळीवर स्वतःच्या हाताने ठेवला, आणि त्यांचा नवा साचा ओला होता तो मला शेजारी ठेवायला लावला. जाताना म्हणाल्या, "माझे सरळ बसवा. मी काही तिच्यासारखी नाही."

म्हणून पुढील बदल करतो.

कलम सहामध्ये "एक सोडून" आहे तेथे "दोन सोडून" वाचावे. कलम सातमधला साचा ताईंना देण्याचे कारण उरले नाही. दोन्ही साचे आहेत तेथे राहतील आणि मेणवालीने त्यांवरची धूळ पुसावी.

कलम ८, नवीन. ताईंसाठी मी दोन कवळ्या करत आहे. एक नव्हे, दोन. पहिली तयार आहे, टेबलाच्या खणात, रुमालात. दुसरी आज भरली. ताई शुक्रवारी यायच्या आहेत. मधल्या काळात माझे काही झाले तर मेणवालीने दुसरीसाठी न थांबता पहिली त्याच दिवशी बसने जाऊन पोचवावी, आणि दुसरी सावकाश पुरी करून नंतर न्यावी. बाकी सर्व कलमे मागेपुढे झाली तरी चालतील. हे मागेपुढे होता कामा नये.

या पुरवणीवर साक्षीदार तेच दोघे. ताईंना साक्षीदार होता येत नाही, कारण त्यांना काही मिळते आहे.

ठिकाण तेच. दिनांक २७, बुधवार. मेणवाली आज रजेवर आहेत, खोलीत आवाज नाही. भांडे आत्ताच आचेवरून उतरवले. साक्षीदार दुकान बंद करून सहीला येतील तोवर पाणी निवेल; चार तरी वाजतील. तोपर्यंत मी येथून हलत नाही.